काळा रंग

इराप्पा बडिगेर सायकली दुरुस्त करायचा, शहापुरात,
आणि कुणी फारच गळ घातली तर
पायांना लावायच्या सळ्याही करून द्यायचा.
मी आठ वर्षांची. येळ्ळूरहून बाबांच्या कॅरियरवर बसून गेले,
उजवा पाय चाकात जाऊ नये म्हणून टॉवेलनं बांधलेला.
त्यानं सुतळीनं माप घेतलं, सुतळीला गाठी मारल्या,
पंधरा दिवसांनी बकलं आवळून म्हणाला, निंद्रु.
मी उभी राहिले.
मग म्हणाला, नडी.
ते त्या दिवशी झालं नाही.

सळ्यांना काळा रंग होता,
कुणाच्या तरी फ्रेमचा उरलेला.

शाळेत कुद्रेमनीकर गुरुजी.
मराठा पलटणीत कारकून, लढाईत इटलीपर्यंत गेलेले.
भूगोलाच्या तासाला, माझ्या पायाकडे न बघता, म्हणाले,
अमेरिकेचा एक अध्यक्ष होता, रूझवेल्ट.
त्याच्याही सळ्या होत्या, त्याही काळ्या,
काळ्या मोज्यांत, काळ्या बुटांत दिसू नयेत म्हणून.
साध्या खुर्चीला चाकं लावून तो घरभर फिरे
आणि भाषणाला मुलाच्या दंडाला धरून उभा राही,
घाम निथळेस्तोवर हसत.
एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा आम्ही सेनिओ नदी ओलांडलेली.
वायरलेसवाल्यानं सांगितलं. गोरे साहेब गप्प झाले.
आम्ही पीठ मळत होतो, मळत राहिलो.
त्याला चालता येत नव्हतं हे मला कळलं
दहा वर्षांनी, कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात.

मी विचारलं, लपवलं का त्यानं?
गुरुजी खडू शोधत बसले.
म्हणाले, लढाई चालू होती.

मग मीही लपवलं.
परकर घोट्याच्या खाली, नंतर साडी, बरंच झालं.
पोस्टात लागले. काउंटर सागवानी, छातीपर्यंत,
जणू माझं माप घेऊनच बांधलेलं.
तेवीस वर्षं टिळकवाडीनं मला कमरेच्या वरूनच ओळखलं.

गुरुजींनी एक सांगितलं नव्हतं.
ते मी चाळिशीत वाचलं, डबा खाता खाता.
त्याच माणसानं एका सहीनं
लाखाच्या वर माणसं घरादारातून उठवली,
चेहरा शत्रूसारखा म्हणून, आणि तारेच्या आत ठेवली.
त्यांतली बहुतेक तिथंच जन्मलेली.
घास तोंडात फिरत राहिला.
मग सॉर्टिंगला बसले.
काही पत्ते गोल अक्षरांत, काही शिरोरेघेला टांगलेले,
गावाचं नाव तीन तऱ्हांनी.
त्या आठवड्यात बाहेर पाट्यांना डांबर फासणं चाललं होतं,
आज यांच्या, उद्या त्यांच्या.
मी सगळी पत्रं एकाच खणात टाकली.
माझ्या हातात तेवढंच होतं.
त्याच्या हातात पेन होतं.

आणि तरी, शेवटच्या सळ्या करायला गेले तेव्हा
आठवला तोच.
दुकान आता इराप्पाच्या मुलाचं,
इराप्पा मागं बाजेवर, डोळ्यांत मोतीबिंदू.
मी म्हटलं, बण्ण ब्याड.
मुलाला वाटलं माझं कानडी चुकलं.
मराठीत विचारलं, रंग नको? गंजेल की ओ.
गंजू दे.
बाजेवरून म्हातारा हसला, का ते विचारलं नाही.

तो मेला त्या दुपारी कुणी त्याचं चित्र काढत होतं.
चेहरा झाला होता, खांदे थोडेसे.
कागद खाली कोरा राहिला.
पाय काढायचेच नव्हते बहुधा.

गेल्या रविवारी शेजारचा इशान आला,
दोन वर्षांचा, दोन थेंब पिऊन,
करंगळीवर शाईचा ठिपका दाखवायला.
माझ्या सळीवर त्यानं चमचा आपटला,
आवाज आवडला,
पुन्हा आपटला.
हे काय म्हणून विचारतो.
मी सांगायला तोंड उघडलं, तर
तो चमचा टाकून पळालाही.